मागच्या रांगेतली दुर्गा

पंचशीलाने हात करून रिक्षा थांबवली. रिक्षावाल्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग फुटपाथवरच्या सामानाकडे, आणि मग पुन्हा तिच्याकडे. सामान म्हणजे सागवानी लाकडाच्या दोन भल्यामोठ्या स्पीकरच्या पेट्या, जुन्या चादरीत बांधलेला रेकॉर्ड प्लेअर आणि तिने छातीशी धरलेली एक कापडी पिशवी.

"मॅडमजी, घर शिफ्ट कर रहे हो क्या?"

"नहीं भिया, गाना सुनने जा रही हूँ."

रिक्षावाल्याने आयुष्यात बरीच गिऱ्हाइकं पाहिली असणार, पण गाणं ऐकायला स्वतःचे स्पीकर घेऊन निघालेलं हे पहिलंच. त्याने एक पेटी मागे कोंबली, दुसरी स्वतःच्या शेजारी बसवली. पंचशीला उरलेल्या जागेत अंग चोरून बसली. पिशवी मात्र तिने मांडीवर सपाट ठेवली, कारण तिच्यात तिच्या आईचा आवाज होता.

पंचशीला इंदूरला पलासियातल्या एका विमा कचेरीत अधिकारी होती. वय बावन्न. अन्नपूर्णा भागात दोन खोल्यांत एकटी राहायची. कचेरीत तिला लोक टरकून असायचे, कारण तिला 'चलता है' हे शब्द चालत नसत. नातेवाईक म्हणायचे, बाई हुशार आहे पण हेकट आहे. तिला स्वतःला हा आरोप कधी आरोप वाटलाच नाही. हेकटपणा तिच्याकडे रीतसर वारशाने आला होता, आणि कुणाकडून आला ते त्या पिशवीतल्या रेकॉर्डवर ऐकू येत होतं.

तिचं माहेर महूला. वडील दगडू सैन्याच्या सिग्नल खात्यातले निवृत्त हवालदार, आता पंच्याऐंशीच्या घरात. आई दुर्गा जाऊन काही वर्षं झाली होती. दुर्गा तरुण असताना महूच्या वस्तीत गाणाऱ्यांचं एक पथक होतं. त्या पथकाने एकदा मुंबईला जाऊन भीमगीतांची एक रेकॉर्ड केली. दुर्गा कोरसमध्ये होती. रेकॉर्डिंगवाल्याला तिचा आवाज टोचला. त्याने तिला एक पाऊल मागे व्हायला सांगितलं, मग आणखी मागे, मग आणखी. शेवटी बाकीच्या बाया माइकपाशी आणि दुर्गा पार डाव्या हाताला, दरवाजाला पाठ टेकून उभी. दुर्गाने ते ऐकलं, म्हणजे मागे सरकली. पण गाताना तिने दरवाजापासून माइकपर्यंतचं सगळं अंतर आवाजाने भरून काढलं. ध्रुवपदात 'आम्ही' हा शब्द येतो. त्या शब्दाला बाकीच्या बाया गातात आणि दुर्गा अंगावर येते. स्टुडिओची वेळ संपली होती, पुन्हा घ्यायला सवड नव्हती, म्हणून रेकॉर्ड तशीच निघाली. "तो डावीकडचा आवाज आहे ना, तो मी," असं ती जन्मभर सांगत राहिली. सांगताना तिच्या चेहऱ्यावर लाज म्हणून दिसली नाही.

दगडूने छावणीत एका बदली झालेल्या साहेबाकडून व्हॉल्व्हचा स्टिरिओ रिसीव्हर घेतला होता. रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच पेटाऱ्यात, आत काचेचे व्हॉल्व्ह, चालू केला की हळूहळू लाल होणारे. त्याला जोडायच्या स्पीकरच्या पेट्या त्याने स्वतः सागवानाच्या बनवल्या. दर जयंतीला हा सगळा थाट ओट्यावर मांडला जायचा. मांडण्याआधी दगडू सुतळी धरून दोन्ही पेट्या एका रेषेत आहेत की नाही ते बघायचा. एक जरी बोटभर पुढेमागे असली तरी त्याला खपत नसे. सैन्यातला माणूस, रांग म्हणजे रांग. मग रेकॉर्ड लागायची, 'आम्ही' यायचं, आणि स्वयंपाकघरातली दुर्गा हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहायची.

तो रिसीव्हर एका दिवशी जळाला. अमेरिकन होता, एकशे दहा व्होल्टवर चालणारा, त्यामुळे त्याच्यासाठी वीज कमी करणारा एक लोखंडी ट्रान्सफॉर्मर मध्ये लावावा लागे. घरातल्या कुणीतरी तो न लावता प्लग सरळ भिंतीत घातला. धूर निघाला, वास सुटला आणि सगळं संपलं. कुणी घातला हे आजवर कुणी कबूल केलेलं नाही. रेकॉर्ड ट्रंकेत गेली, पेट्यांवर टीव्ही बसला.

यंदा फेब्रुवारीत पंचशीलाचा धाकटा भाऊ प्रशिक याच्या मनात आलं की बाबांना आईचं गाणं ऐकवावं. त्याचं मन चांगलंच आहे, वांधे डोक्याचे आहेत. त्याने ती रेकॉर्ड इंदूरच्या एका स्टुडिओत नेली, फाईल करून घेतली, वर कॉम्प्युटरवर 'साफ' करून घेतली. मग रविवारी सगळ्यांना बसवून मोबाइलवरून ब्लूटूथ स्पीकरवर लावली. खरखर नाही, टिकटिक नाही, सगळं कसं धुतल्यासारखं. ध्रुवपद आलं, 'आम्ही' आलं आणि गेलं.

दगडू उठून बसला. "दुर्गा कुठाय?"

प्रशिकने पुन्हा लावलं. दुर्गा नव्हतीच. त्याने तिथूनच स्टुडिओवाल्याला फोन लावला, स्पीकर चालू ठेवून. पलीकडचा माणूस मोठ्या अभिमानाने म्हणाला, "भिया, पीछे एक लेडीज बेसुरी चिल्ला रही थी ना, उसको निकाल दिया. अब देखो, एकदम क्लीन!"

दगडूने भिंतीकडे तोंड केलं. प्रशिकने दुसऱ्याच दिवशी जाऊन रेकॉर्डची न साफ केलेली नक्कल आणली, पण त्याच्या त्या डबीएवढ्या स्पीकरवर डावं-उजवं सगळं एकातच कालवलेलं. दुर्गा होती, पण शेजारच्या गल्लीत कुणाचं तरी भांडण चाललंय, इतपत. "एका डब्यात कोंबलं की मागची रांग पुढच्या रांगेखाली दबणारच," दगडू म्हणाला.

"बाबा, जयंतीला आपण गल्लीत डीजे लावून राहिलो आहे. त्याच्यावर वाजवू," प्रशिक म्हणाला.

"तुझ्या डीजेवर माणूस गातो की गिरणी चालते, ते आधी समजू दे," पंचशीला म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिने तो खाली आणला नाही. "व्हॉल्व्हचा सेट मी आणते. या जयंतीला आई गाईल. जशी गायली होती तशीच गाईल. बघतेच मी, कोण तिला काढतं ते."

"ताई, आजकाल तो शौक फक्त पैसेवाल्यांचा राहिला आहे. एवढं काय लोड घेऊन राहिली आहेस?"

"आईला खोडलंय, प्रशिक. लोड घेऊ नको तर काय करू?"

व्हॉल्व्हच हवा यात विज्ञान किती आणि हट्ट किती, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. दगडूने एवढंच सांगितलं, "सेट पारखायचा तर बाकीचं काही बदलायचं नाही. पेट्या याच, रेकॉर्ड हीच, प्लेअर हाच. बदलेल तो फक्त सेट." आणि त्याने ट्रंकेतून जुनी सुतळी काढून तिच्या हातात दिली.

म्हणून ही वरात.

पहिला मुक्काम अन्नपूर्णातच, गजाननच्या दुकानात. गजानन जुन्या वस्तू विकायचा, म्हणजे जुन्या दिसणाऱ्या. कंदील, भोंगे, पितळी टेलिफोन, सगळं कॅफेवाल्यांसाठी. "आंटी, हा बघा. ट्यूब कशी जळून राहिली आहे! फुल व्हिंटेज पीस." सेट दिसायला देखणा होता यात वाद नाही. वरच्या जाळीतून व्हॉल्व्ह नारिंगी चमकत होते. पंचशीलाने पेट्या जोडल्या, सुतळी धरून रेषेत लावल्या, रेकॉर्डवर सुई ठेवली आणि मगच सेटचं बटण दाबलं. बोट उचलायच्या आत ढोलकी सुरू झाली.

व्हॉल्व्ह असा बोलत नाही. त्याला आधी तापायला लागतं, चहाच्या आधणाला लागतं तसं. हा तर जणू दाराआड टपूनच बसला होता. पंचशीलाने वाकून जाळीतून पाहिलं. व्हॉल्व्हच्या बुडाशी दिवाळीच्या माळेतले बारीक दिवे चिकटवलेले होते, आणि आवाज खालच्या एका चिनी सर्किटच्या पट्टीतून येत होता.

"आवाज तर आला ना?" गजानन म्हणाला.

"आवाज तर तुमच्या दारावरच्या घंटीचाही येतो, भिया. ती का नाही विकत मला?"

गजानन हसला. माणूस लबाड होता पण दिलदार लबाड होता. "असली माल पाहिजे तर मग शरच्चंद्रजींकडे जा, पलासियाला. पण सांगून ठेवतो, तिथे चप्पल बाहेर काढावी लागते."

शरच्चंद्रजी निवृत्त इंजिनियर. पणजोबा होळकर दरबारात मोठ्या हुद्द्यावर होते, आणि ही गोष्ट पहिल्या पाच मिनिटांत समोरच्याला कळेल अशी सोय ते बोलण्यातच करत. पलासियाला त्यांच्या बंगल्यात एक खोली फक्त गाणं ऐकण्यासाठी होती. भिंतींना गालिचे, खिडकीला जाड पडदे, आणि शिसवी टेबलावर ओळीने रिसीव्हर. त्यातले दोन त्यांना विकायचे होते. पंचशीलाच्या पेट्या पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण त्यांनी जागा करून दिली. माणूस सभ्य होता. मग तिने पिशवीतून रेकॉर्ड काढली. त्यांनी चष्मा सरकवून तिच्यावरचं नाव वाचलं.

"बात ये है मॅडम," ते जरा थांबले, "हे जे आहे... हे मंडपातलं संगीत. याने सेटची परीक्षा नाही होत. आपण तानपुरा लावू. चार तारा सुट्या ऐकू आल्या तर सेट खरा."

त्या 'हे जे आहे'नंतर त्यांनी जी जागा मोकळी सोडली होती, तिच्यात काय काय बसतं हे पंचशीलाला शाळेपासून ठाऊक होतं. वर्गात, बसमध्ये, कचेरीत, भाड्याची खोली शोधताना, ती मोकळी जागा तिला वरचेवर भेटत आली होती. पूर्वी ती गप्प बसायची. आता तिने ते सोडून दिलं होतं.

"तानपुऱ्यातल्या तारांना मी ओळखत नाही," ती म्हणाली. "या रेकॉर्डमधल्या एका बाईला ओळखते. ती जशीच्या तशी आली तर सेट खरा. लावताय ना?"

त्यांनी लावली. खरं सांगायचं तर त्यांनी ती फार जपून लावली, पुसून, सुईची धूळ फुंकून.

पहिला सेट अमेरिकन, जडशीळ, समोरचा पत्रा सोनेरी. सावकाश तापला आणि मग जे काही बाहेर आलं त्याला पंचशीलाला नावं ठेवता येईनात. ढोलकी गोल, भरीव. हार्मोनियमच्या सुरांना मखमल लावलेली. मुख्य गायक तर असा की समोरच्या खुर्चीवर बसलाय. तिच्या अंगावर काटा आला. तिला वाटलं, झालं काम, हाच. मग ध्रुवपद आलं, 'आम्ही' आलं. पाच बायांचा मिळून एक गुबगुबीत आवाज झाला आणि त्या गुबगुबीत आवाजात दुर्गा कुठेतरी शहाण्यासारखी बसून होती.

"बघा!" शरच्चंद्रजींनी टाळी वाजवली. "मागे कुणी एक चिरकत होती, ती पण कशी मुरली त्याच्यात! याला म्हणतात व्हॉल्व्हची ऊब. दिल्लीचे लोक हा सेट मागून राहिले आहेत."

"ती चिरकणारी माझी आई आहे."

"अच्छा?" ते खरोखर ओशाळले. "मग तर उत्तमच. किती गोड वाटताहेत मातोश्री."

"आई गोड गात नव्हती," पंचशीला म्हणाली.

शरच्चंद्रजींच्या आयुष्यात गोड न गाण्याबद्दल कुणी अशी बाजू घेतली नव्हती. त्यांनी तिखट सूर वाढवायचं बटण फिरवून पाहिलं. ढोलकीला कडा आल्या, झांज टोचायला लागली, दुर्गा होती तिथेच मुरलेली राहिली. मग दुसरा सेट लावला. त्याच्यात ती वेगळी ऐकू आली खरी, पण बारीक, टेलिफोनवरून बोलावी तशी. पंचशीलाने दोन्ही सेट दोनदोनदा ऐकले, सुतळी पुन्हा धरून पाहिली, आपलंच काही चुकत नाही ना म्हणून जागा बदलून बसली. शेवटी तिने रेकॉर्ड पाकिटात घातली.

"तुमचा पहिला सेट उत्तम आहे. मी आजवर ऐकलेल्यात सगळ्यात चांगला. पण तो सगळ्यांना एकसारखं करून टाकतो. मला नको."

"मग तुम्हाला मिळायचा नाही," ते थोडे दुखावून म्हणाले. "एक जपानी बेटम्याला पडून आहे, धान्यवाल्यांकडे. मी बघून आलो मागच्या महिन्यात. घुरघुर करतो, एक बाजू जवळपास मेली, आणि आवाजाला अजिबात संस्कार नाहीत. आतले ट्रान्सफॉर्मर काढून घ्यावेत, बस, एवढीच त्याची लायकी."

पंचशीला पेटीची वायर गुंडाळत होती. ती थांबली. "काय म्हणालात? आवाजाला संस्कार नाहीत?"

"अजिबात नाही."

"पत्ता द्या," ती म्हणाली.

धारच्या रस्त्यावर बेटमा. धान्याची जुनी पेढी, खाली सोयाबीनची पोती, वर घर. मालक वारलेले, आता त्यांची बायको द्वारकाबाई आणि चाळिशीचा मुलगा रजत. रजतने सेट पोत्यांमागून काढून वर घरात आणला आणि फडक्याने झटकला. पंचशीला पेट्या जोडायला वाकली होती. तिला डोळ्याच्या कडेने दिसलं की रजत सेटची वायर घेऊन भिंतीतल्या सॉकेटकडे चाललाय.

"रुको!" ती अशी ओरडली की खाली हमालाने पोतं टाकलं. "याच्याबरोबर एक लोखंडी ठोकळा होता? वजनदार? वायरवाला?"

रजतला आठवेना. द्वारकाबाईंना आठवलं. "वो काला वाला? वो तो मटके के नीचे है." पाण्याच्या माठाला बैठक म्हणून त्या ट्रान्सफॉर्मरने कित्येक वर्षं काढली होती. माठ उतरवला, ठोकळा पुसला, उन्हात ठेवून सुकवला. सगळं वाळलं की नाही याची पंचशीलाने तीनतीनदा खात्री केली. एक सेट घरच्याच लोकांनी जाळलेला तिने पाहिला होता, दुसरा जळू देणार नव्हती.

सेट चालू झाला. आधी धुळीचा जळका वास आला, मग घुरघुर, आणि मग गाणं. शरच्चंद्रजी खोटं बोलले नव्हते. घुरघुर होती, उजवी बाजू खोल गेली होती. पंचशीलाने सेट बंद केला, व्हॉल्व्ह गार होऊ दिले आणि डावीकडचे उजवीकडे, उजवीकडचे डावीकडे बसवले. ही दगडूची शिकवण. अशक्तपणा जागा बदलून व्हॉल्व्हबरोबर गेला तर दोष व्हॉल्व्हचा, आणि व्हॉल्व्ह नवा आणता येतो. तिथेच राहिला तर सेटच आतून गेलेला. पुन्हा चालू केल्यावर उजवी बाजू खणखणीत झाली आणि डावी खोल गेली. पंचशीलाला इतकं बरं वाटलं की तिने द्वारकाबाईंचा हातच धरला. सेट धडधाकट होता. तिने व्हॉल्व्ह होते तसे परत लावले, कारण तूर्त तिला डावी बाजू हवी होती.

मग ध्रुवपद. मग 'आम्ही'.

दुर्गा आली ती दाणकन आली. घशात वाळू असल्यासारखा तो आवाज, सुराच्या थोडा वर चढलेला, बाकीच्या बायांना ढकलून पुढे घुसणारा. डाव्या पेटीच्याही डावीकडून, जिथे दरवाजा असेल तिथून. पंचशीला दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तिने ते पुसलं नाही.

"या कौन चिल्लाय री है?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"मेरी माँ है."

"लड़ किससे री है?"

"जिसने पीछे खड़ा किया था, उससे."

द्वारकाबाईंनी पदर सावरला आणि त्या पेटीजवळ सरकून बसल्या. गाणं संपल्यावर म्हणाल्या, "म्हारे को भी आता था ऐसा चिल्लाना. ब्याह के आई तो छूट गया."

रजतने सेटचा भंगाराचा भाव सांगितला, शरच्चंद्रजींनी सांगून ठेवलेला. पंचशीला तो देऊन मुकाट्याने निघून येऊ शकली असती. पण ज्या आवाजासाठी ती इतकी भांडली त्याला भंगाराच्या भावात उचलायचं तिच्या जिवावर आलं. "ये भंगार नहीं है भिया," ती म्हणाली, आणि रजतने हे शब्द खाली पडू न देता भाव वाढवला. आपल्याच तोंडाने आपण खड्ड्यात गेलो याचं तिला परतीच्या वाटेवर हसू येत राहिलं. बेटमा सुटायच्या आत शरच्चंद्रजींचा फोन आला. "घेतलात? मॅडम, तो सेट कुणी चांगला म्हणणार नाही हो."

"चांगला नाहीच आहे तो," ती म्हणाली. "खरा आहे."

जयंतीच्या सकाळी महूची गल्ली माणसांनी भरली होती. निळे झेंडे, दारादारांत रांगोळ्या, लांबून लांबून आलेली पाहुणेमंडळी. प्रशिकच्या मंडळाचा डीजे गल्लीच्या तोंडाशी उभा, ट्रकच्या उंचीएवढा, आणि त्याच्या दणक्याने खिडक्यांची तावदानं थरथरत होती. पंचशीलाने ओट्यावर सेट मांडला. दगडूने खुर्चीतून उठून स्वतः सुतळी धरली, दोन्ही पेट्या एका रेषेत घेतल्या, एक पेटी नखभर मागे केली आणि मग समाधानाने बसला.

"ताई, हा एवढासा सेट," प्रशिक तिच्या कानाशी ओरडला. "कुणाला ऐकू येणार? मी समोर माइक लावतो, डीजेवरून सोडतो. पूर्ण महू ऐकेल."

"नाही. तू फक्त तुझा डीजे बंद कर."

"लोक भडकतील ना!"

"भडकू देत. एका गाण्यापुरतं बंद कर. ज्याला ऐकायचंय तो जवळ येईल."

प्रशिकने तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. स्टुडिओवाल्याचा तो फोन तोही विसरला नसावा. त्याने जाऊन डीजे बंद केला. गल्लीत एकदम पोकळी झाली. चारदोन पोरांनी शिट्ट्या मारल्या, "अरे चालू कर ना भिया!" असं कुणी ओरडलंही, पण आता ओट्यावरची खरखर ऐकू येत होती आणि माणसं कुतूहलाने पुढे सरकायला लागली. म्हाताऱ्या बायका आधी आल्या. त्यांच्यातल्या दोघी पहिल्याच ओळीला गाऊ लागल्या.

ध्रुवपद आलं. 'आम्ही'.

पुढे उभी असलेली एक तरुण मुलगी दचकून हसली. "बाप रे, हे कोण ओरडून राहिलंय?"

"माझी बायको," दगडू म्हणाला.

मुलीचं हसू तोंडातच राहिलं. दगडू पुढे वाकून, डाव्या पेटीच्या जाळीवर हात ठेवून ऐकत होता. दुर्गा दुसऱ्या ध्रुवपदाला आली, तिसऱ्याला आली, दर वेळी आधीपेक्षा वर चढून. गाणं संपलं. सुई नुसतीच फिरत राहिली.

"बेसूर आहे," दगडू म्हणाला.

"हो, बाबा."

"पहिल्यापासून होती. मी सांगायचो तिला. ऐकायची नाही." त्याची मान ताठ होती. त्याने हात लांब करून आवाजाचं बटण उजवीकडे फिरवलं, अडेपर्यंत. सेट घुरघुरला. "लाव परत."

पंचशीलाने सुई उचलली.

"थांब. आधी ती डावी पेटी पुढे घे."

"बाबा, रेषेत लावलीय तुम्हीच आत्ता."

"माहीत आहे मला," दगडू म्हणाला आणि सुतळी गुंडाळून त्याने खिशात टाकली. "पुढे घे. अजून पुढे. सगळ्यात पुढे."

प्रशिक धावत ओट्यावर चढला. बहीणभावांनी मिळून ती सागवानी पेटी उचलली आणि ओट्याच्या अगदी कडेला, लोकांच्या तोंडासमोर नेऊन ठेवली.